आमची वही आणि तिचे श्रोते

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दरवर्षी एक प्रश्न उपस्थित होतो आणि दरवर्षी तो अनुत्तरित राहतो. प्रश्न आमच्या सौभाग्यवतींचा असतो. "त्या पलंगाखालच्या गठ्ठ्यांचे यंदा तरी काय करायचे?"

वाचकहो, या सदरातून आम्ही आजवर शाळा, परीक्षा, पाऊसपाणी, सणवार अशा विषयांवर आपल्याशी बोलत आलो. पलंगाखालच्या गठ्ठ्यांविषयी मात्र कधी अवाक्षर काढले नाही. ते विनयामुळे नव्हे, भयामुळे. आज ते भय बाजूस सारून सांगतो की, आम्ही कविता करतो. गेली तीस वर्षे करतो. आणि ते गठ्ठे म्हणजे २०११ साली स्वखर्चाने छापून घेतलेला आमचा पहिला, आणि आजच्या घडीपर्यंत शेवटचा, काव्यसंग्रह होय.

आम्ही पडलो सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. साठा नोंदवही लिहिण्याची सवय हाडीमासी खिळलेली. तेव्हा यंदा साफसफाईच्या निमित्ताने गठ्ठे बाहेर काढले आणि रीतसर मोजदाद केली. छापलेल्या प्रती ५००. संपादकांस व मान्यवरांस अभिप्रायार्थ धाडलेल्या ४०. लग्नमुंजीत, निरोपसमारंभात व आल्यागेल्यास भेट दिलेल्या ९६. पावसात भिजून बाद झालेल्या ३५. विकल्या गेलेल्या १७. शिल्लक ३१२. हिशेब चोख जुळला. हिशेब जुळल्याचा आनंद मात्र झाला नाही.

या मोजदादीत त्या प्रतींच्या तळाशी आणखी एक वस्तू सापडली : वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक शंभर पानी वही. ती आमची नव्हती. तिच्याविषयी पुढे सांगणारच आहोत. तूर्त ती बाजूस ठेवू.

कवीचे दुःख इतरांना नेहमीच थोडे हास्यास्पद वाटते, आणि ते वाटावे यात गैर काही नाही. ज्याचे शेत पिकले नाही त्याचे दुःख गावाला कळते. ज्याची कविता कुणी ऐकली नाही त्याचे दुःख कुणाला कळावे? तरीही ते असते. तरुणपणी आम्ही परतीचे तिकीट लावलेली पाकिटे मासिकांकडे पाठवीत असू. पाकीट जितके लवकर परत येई तितके टपालखात्याचे कौतुक वाटे. पुढे संग्रह काढला. प्रकाशकाने वितरणाचे आश्वासन दिले होते. वितरण झाले ते आमच्या पलंगाखाली. अलीकडे भ्रमणध्वनीवर कविमंडळींचा एक समूह आहे. तेथे कविता टाकावी तर अर्ध्या मिनिटात हात जोडल्याची आठ-दहा चित्रे येतात. अर्ध्या मिनिटात आमची कविता वाचून होत नाही, हे आम्हास पक्के ठाऊक आहे.

एकदा एका गावी काव्यवाचनास गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. बेचाळीस कवी आणि प्रत्येकास तीन मिनिटे अशी व्यवस्था होती. आमचा क्रमांक एकतिसावा. आम्ही उभे राहिलो तेव्हा मंडपात अकरा जण उरले होते. त्यांपैकी नऊ जण आपली पाळी येण्याची वाट पाहणारे कवी होते, एक जण खुर्च्या मोजून परत नेण्यासाठी आलेला मंडपवाल्याचा माणूस होता आणि अकरावे आमचे सहप्रवासी होते. ते झोपले होते. त्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही श्रोत्यांच्या अरसिकतेविषयी पुष्कळ बोललो. आमच्या आधीच्या तीस कवींपैकी एकाचीही एक ओळ आम्हास आठवत नव्हती, कारण ते वाचीत असताना आम्ही आमचीच वही चाळीत बसलो होतो, ही गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात आली नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत या दुःखास आणखी एक पदर आहे. आमची कन्या बंगळूरला असते. ती घरी आमच्याशी मराठीत बोलते, आणि तिचे मराठी गोड आहे. पण शिक्षण झाले कन्नड व इंग्रजीत. देवनागरी तिला हिंदीमुळे वाचता येते. आमचा संग्रह तिने हाती घेतला, दोन पाने अक्षर लावून वाचली आणि प्रांजळपणे म्हणाली, "बाबा, अक्षरे ओळखीची आहेत, पण शब्द अनोळखी वाटतात." हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, तंजावर, कोठेही असा, वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे वाक्य या ना त्या रूपाने बोलले गेले असेल.

शाळेत आमचे एक कन्नड सहकारी आहेत. त्यांना मराठी चांगले समजते. आमची कविता ते मनापासून ऐकतात, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतात आणि मग तिच्यावरून आठवलेले एखादे वचन, समोर कागद नसताना, मुखाने म्हणून दाखवतात. त्यांना अशी शेकडो वचने पाठ आहेत. आम्हास आमच्या स्वतःच्या कविताही पाठ नाहीत.

असो. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत तक्रारीचा कंटाळा येऊन आम्ही पुन्हा जुन्या कवींकडे वळलो. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. भारत सासणे अध्यक्ष होते. १९५६ पूर्वी उदगीर आणि भालकी एकाच बीदर जिल्ह्यात होती. राज्यपुनर्रचनेत उदगीर तिकडे गेले आणि भालकी इकडे राहिली. आगगाडीला मात्र त्याचे काही नाही. ती आजही भालकीहून कमलनगरमार्गे उदगीरला जाते. त्या गाडीने आम्ही संमेलनास गेलो, श्रोते म्हणून बसलो आणि पिशवीभर पुस्तके घेऊन आलो. ती पुस्तके तीन वर्षे कपाटात होती. यंदा ती वाचून काढली आणि त्यांच्या निमित्ताने घरातली जुनी पुस्तकेही खाली उतरवली.

प्रथम केशवसुत घेतले. एम.ए.च्या अभ्यासाला ते होते. पण परीक्षेसाठी वाचलेला कवी आणि पन्नाशीनंतर वाचलेला कवी हे दोन निराळे कवी असतात. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांना आपण वंदन करतो ते कृष्णाजी केशव दामले पेशाने शाळामास्तर होते. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचा. मुंबई, खानदेश अशा बदल्या होत होत ते अखेर धारवाडच्या शाळेत आले आणि १९०५ च्या नोव्हेंबरात, चाळिशी गाठण्यापूर्वीच, हुबळीस प्लेगने गेले. म्हणजे ज्या राज्यात आज आम्ही मुलांस मराठी शिकवतो त्याच भूमीवर त्यांनी देह ठेवला. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. सव्वाशेहून थोड्या अधिक कविता, त्याही मासिका-साप्ताहिकांत विखुरलेल्या. 'केशवसुतांची कविता' हे पुस्तक निघाले १९१७ साली, मृत्यूनंतर बारा वर्षांनी. काढले कोणी? हरिभाऊ आपट्यांनी.

येथे आम्ही थबकलो. हरि नारायण आपटे हे कादंबरीकार. 'करमणूक' हे साप्ताहिक चालवणारे, हातातली कामे संपता न संपणारे गृहस्थ. केशवसुतांच्या कविता त्यांनी आपल्या पत्रात छापल्या आणि कवी गेल्यानंतर त्या गोळा करून ग्रंथरूपाने समाजापुढे ठेवल्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आम्ही केशवसुतांवर दहा पाने लिहिली होती. हरिभाऊंच्या या कामावर एक ओळही लिहिली नव्हती.

मग आम्ही मुद्दाम त्याच दृष्टीने इतरांकडे पाहू लागलो. भा. रा. तांबे तर आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे. १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीस जन्म, आणि आयुष्य देवास, ग्वाल्हेर अशा संस्थानी गावांतून गेलेले. पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर बसून लिहिणाऱ्या या कवीचा पहिला संग्रह १९२० साली निघाला तो वा. गो. मायदेवांच्या संपादनाने, आणि समग्र कविता १९३५ साली सिद्ध झाली ती माधव जूलियनांच्या हातून. दोघेही स्वतः कवी. पण दुसऱ्याच्या कवितेसाठी त्यांनी आपली लेखणी काही काळ खाली ठेवली. कुसुमाग्रजांची 'विशाखा' १९४२ साली आली ती वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. जात्यावर, शेतात त्यांच्या तोंडून ओव्या निघत आणि घरची मुले त्या टिपून ठेवीत. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. चिरंजीव सोपानदेव हे स्वतः नामांकित कवी. त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्राच्या हाती आली. टिपणारे हात नसते आणि वही उघडून वाचणारे डोळे नसते, तर ते सगळे धन त्या माउलीबरोबर मातीत गेले असते.

आणि बालकवी? १९०७ साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. अध्यक्ष होते कर्नल कीर्तिकर, एक वयोवृद्ध आणि मानमरातबाचे गृहस्थ. त्यांनी त्या मुलाचे ऐकले, आणि असे ऐकले की 'बालकवी' ही पदवी तेथल्या तेथे त्यास बहाल केली. ती पदवी आज त्याच्या खऱ्या नावापेक्षा खरी झाली आहे. आमच्या मनात आले, त्या दिवशी कर्नलसाहेब आपल्या अध्यक्षीय भाषणाची पाने चाळीत बसले असते तर?

वाचकहो, कवितेचा इतिहास आपण कवींच्या नावांनी लिहितो. पण या प्रत्येक नावामागे आणखी एक नाव उभे आहे, ज्याने ऐकले. मराठीत कवींची वाण कधीच नव्हती. आजही नाही, त्या मंडपात बेचाळीस होते. वाण आहे ती हरिभाऊंची.

हे सारे दूरच्या थोरामोठ्यांचे झाले. आमच्या पायाखालची माती काय सांगते ते पाहू. भालकीहून तासा-सव्वा तासाच्या वाटेवर बसवकल्याण आहे. चालुक्यांची कल्याणी ती हीच. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ साली 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हत्तीघोड्यांपासून पाककलेपर्यंत सर्व विषय त्यात आहेत. त्यातील गायनाच्या प्रकरणात राजाने नोंद करून ठेवली आहे की, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. मराठी ओवीची ही एक अतिशय जुनी नोंद मानली जाते. सार्वभौम राजाने मुसळाच्या घावाबरोबर निघणारे बायकांचे गाणे कान देऊन ऐकले आणि ग्रंथात लिहून ठेवले! आणि त्याच कल्याणीत त्याच शतकात, काही दशकांनी, बसवण्णा, अक्कमहादेवी आदी शरणांची कन्नड वचने अनुभवमंटपात बोलली गेली. समोर बसलेल्या माणसांना उद्देशून बोलली गेली. इकडे हुमनाबादजवळ माणिकनगरला एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा भाषांत पदे रचली, कारण त्यांच्या दरबारात तिन्ही भाषांची माणसे येऊन बसत. पुण्याचे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांपैकी कुणी संग्रह छापला नव्हता, कुणास अभिप्राय मागितला नव्हता. जात्याचा दुसरा खुंटा धरणारी बाई हीच त्यांची श्रोती, आणि तेवढी त्यांना पुरे होती.

आमच्या शाळेत मुलांच्या दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक करणाऱ्या एक मावशी आहेत. जाते त्यांच्याही घरून कधीच गेले. दळण गिरणीतून येते. पण डाळ निवडताना आईकडून ऐकलेल्या ओव्या त्यांच्या ओठी येतात. बहुतेक ओव्या भावाला उद्देशून असतात. 'मानसोल्लासा'तली नोंद वाचल्यापासून आम्ही त्यांच्याकडे निराळ्या आदराने पाहू लागलो होतो. एके दिवशी धीर करून आम्ही आमची एक कविता त्यांना वाचून दाखवली. हातातले सूप खाली ठेवून त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "चांगलं हाय की गुरुजी. पर हे म्हनायचं कुनाला?"

आम्ही निरुत्तर झालो. त्यांची ओवी भावाला म्हणायची असते, देवाला म्हणायची असते, सासरी गेलेल्या लेकीला म्हणायची असते. आमची कविता कुणाला म्हणायची? तीस वर्षांत हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला नव्हता. प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आमच्या बहुतेक कविता पुण्यातील एखाद्या कधीच न पाहिलेल्या संपादकास उद्देशून होत्या. भालकीत बसून, कारंजा नदीचे पाणी पिऊन, तुरीच्या शेतांमधून शाळेत जा-ये करून आम्ही आजवर ज्याच्यासाठी लिहिले त्याला यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. मग त्याने आमचे का ऐकावे? आणि ज्यांना हे सारे ठाऊक आहे त्यांना उद्देशून आम्ही लिहिले तरी कधी?

आता त्या वहीविषयी.

ती आमच्या एका माजी विद्यार्थ्याची आहे. पहिल्या पानावर त्याने तारीख घातली आहे, २०१६ ची. वही घेऊन तो घरी आला होता. दारातच उभा राहून म्हणाला होता, "गुरुजी, कविता केल्यात. सवडीने बघा." आम्ही वही ठेवून घेतली. पुढे तो दोनदा विचारायला आला. दोन्ही वेळा आम्ही सांगितले, अजून सवड झाली नाही. तिसऱ्यांदा तो आला नाही. त्या काळात आम्हास खरोखरच सवड नव्हती काय? त्याच वर्षी आम्ही आमच्या संग्रहाच्या प्रती कोणाकोणास धाडाव्यात याच्या याद्या करीत होतो. ती वही आमच्याच प्रतींच्या तळाशी गेली. कशी गेली ते आठवत नाही. पण ती तेथे कुणा दुसऱ्याने ठेवलेली नव्हती.

यंदाच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही ती एका बैठकीत वाचली. सत्तावीस कविता आहेत. 'न' आणि 'ण' यांची गल्लत जागोजागी आहे, वृत्त अनेक ठिकाणी ढासळले आहे, दहा-बारा कविता कुणीही केल्या असत्या अशा आहेत. पण चार-पाच कविता अशा आहेत की त्या आमच्या ३१२ प्रतींपैकी एकीतही नाहीत. त्यातली एक त्याच्या वडिलांवर आहे. वडिलांच्या शेताची पहाणी कन्नडमध्ये आहे आणि वडिलांना कन्नड वाचता येत नाही. दर वर्षी ते मुलाला बसवून तो कागद वाचून घेतात. पीक, क्षेत्र, बोजा सगळे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, माझे नाव कुठे आहे तेवढे बोटाने दाखव. कवितेत कुठे तक्रार नाही, कुणावर राग नाही. फक्त ते बोट आहे. आम्ही सीमाभागावर आजवर अकरा कविता लिहिल्या. त्यांत घोषणा पुष्कळ आहेत. असे बोट कुठे नाही.

चार ठिकाणी चौकशी करून त्याचा क्रमांक मिळवला. तो हैदराबादेस एका औषधांच्या गोदामात हिशेब लिहितो. आम्ही नाव सांगितले तेव्हा त्याने नमस्कार केला, तब्येत विचारली. आम्ही म्हटले, "तुझी वही वाचली."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, "ती वही अजून आहे, गुरुजी?"

आमच्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी पुष्कळ वेळा जाब विचारला. या प्रश्नाइतका कोणताही जाब आम्हास लागला नाही. आम्ही क्षमा मागितली. गुरुजींनी क्षमा मागावी याचा त्यालाच संकोच झाला. "जाऊ द्या हो गुरुजी, ते आता सोडून दिलं," असे म्हणाला. आणखी काही इकडचे तिकडचे बोलणे झाले. फोन ठेवण्यापूर्वी मात्र त्याने हळूच विचारले, "कुठली आवडली?"

आम्ही पहाणीच्या कवितेचे नाव घेतले. तेव्हा त्याने ती कविता तेथेच, गोदामातल्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत मुखाने म्हणून दाखवली. आमच्या हाती वही उघडी होती. दोन ओळी वहीतल्यापेक्षा निराळ्या होत्या आणि वहीतल्यापेक्षा चांगल्या होत्या.

जो सोडून देतो तो ओळी बदलीत बसत नाही, हे आम्हास कळले. कुणी ऐकणारे नसताना तो इतकी वर्षे एकटाच त्या ओळी घोळवीत राहिला होता. आम्ही त्याची वही तेव्हा वाचली असती तर काय झाले असते, हे सांगणे कठीण. कदाचित काहीच झाले नसते. एक वही वाचून झाली असती एवढेच. पण तेवढे करणे आमच्या हाती होते आणि ते आम्ही केले नाही. ज्या अरसिकतेविषयी आम्ही गावोगावच्या मंडपांना दोष दिला ती आमच्याच पलंगाखाली गठ्ठा बांधून ठेवली होती.

भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांची एक गोष्ट या भागात सर्वांच्या तोंडी आहे. निजामाच्या अमदानीत कन्नड शिकवणे अवघड होते, तेव्हा शाळेवर पाटी उर्दूची लावून आत ते कन्नड शिकवीत. आज आमच्या भागात कन्नड राज्याची भाषा आहे आणि मराठी घराची. दिवस असे फिरतात. पण त्या गोष्टीचे मर्म भाषेपुरते नाही. बाहेर पाटी कोणतीही असो. भाषा जगते ती आत कुणी तरी बोलतो आणि कुणी तरी ऐकतो म्हणून. पाटीसाठी भांडणारे पुष्कळ असतात. आतल्या खोलीत बसून ऐकणारे थोडे.

बेळगावकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा खेड्यांतून दर हिवाळ्यात एका दिवसाची मराठी साहित्य संमेलने भरतात आणि गावकरी मांडी घालून ऐकतात. आमच्या हातून तेवढे मोठे काम होईलसे वाटत नाही. आम्ही एक लहान काम आरंभिले आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी वीस मिनिटे एक कविता मोठ्याने वाचायची. नियम दोनच. कविता वाचणाऱ्याची स्वतःची नसावी, हा पहिला. एखाद्या मुलाने घरून आजीकडून ओवी किंवा म्हण ऐकून आणली तर आधी ती ऐकायची, हा दुसरा. आतापर्यंत पाच शनिवार झाले. पहिल्या शनिवारी मुले चुळबुळत होती. पाचव्या शनिवारीही चुळबुळत होती, परंतु तीन मुलींनी आज्यांकडून ओव्या आणल्या होत्या. त्यांतली एक आमच्या मावशींनाही ठाऊक नव्हती. त्यांनी ती मुलीकडून दोनदा म्हणवून घेतली. आमच्या कन्नड सहकाऱ्यांनी एका शनिवारी वचन म्हटले आणि मराठीतून त्याचा अर्थ सांगितला. मुलांना ते कवितेहून अधिक आवडले, हे आम्ही मोकळ्या मनाने नमूद करतो.

वाचकहो, आपणापैकीही अनेक जण कविता करीत असतील. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात एक तरी वही असतेच, असे आम्हास अनुभवाने वाटते. तीत कधी आजोबांचे अभंग असतात, कधी आत्याबाईंची मंगलाष्टके, कधी तरुणपणी केलेली आणि लग्नानंतर लपवलेली प्रेमगीते. या दिवाळीत ती वही शोधावी. स्वतःची नव्हे, दुसऱ्याची. जेवणे झाल्यावर तीतले एक पान मोठ्याने वाचावे आणि ज्याचे ते आहे तो हयात असेल तर त्यास कळवावे की, वाचले. मुलांना शब्द अडले तर अर्थ सांगावा. तेवढ्याने कविता बिघडत नाही. श्रोता हा काही आकाशातून पडत नाही. तो घरात बसून घडवावा लागतो, आणि त्याचा आरंभ स्वतः श्रोता होण्यापासून करावा लागतो. हे शहाणपण आम्हास पन्नाशी उलटल्यावर सुचले. आपणास ते लवकर सुचो.

राहता राहिला सौभाग्यवतींचा प्रश्न. गठ्ठे यंदाही पुसून पुन्हा पलंगाखालीच ठेवले आहेत. ३१२ चा आकडा आता पूर्वीइतका बोचत नाही. ती वही मात्र तेथे ठेवलेली नाही. ती टेबलावर आहे. तिचा मालक दिवाळीच्या पाडव्याला गावी येणार आहे आणि येताना नव्या कविता आणीन म्हणाला आहे. किती आहेत असे विचारले तर लाजून म्हणाला, "हायेत थोड्या."

त्या दिवशी दुपारी आम्ही दुसरे कोणतेही काम ठेवलेले नाही.